बादलीची गोष्ट : तोकाईमुरा आणि ‘मानवी चूक’ नावाची सोय



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘अणुइंधन कारखान्यांतील किरणोत्सर्ग सुरक्षा’ असा जाहीर झालाय. एवढा पसारा तासाभरात आवरणार नाही. म्हणून आम्ही एकच अपघात घेतोय : जपानमधल्या तोकाईमुरा गावचा, ३० सप्टेंबर १९९९ चा. पण अपघाताची हकिकत सांगून थांबायचं नाहीये. त्या अपघाताबद्दल पुढे जे लिहिलं गेलं, बोललं गेलं, न्यायालयात ठरलं, त्याची चिकित्सा करायचीय. कारण आमचं म्हणणं असं की अपघात एकदा होतो आणि मग तो सांगितला कसा जातो, यावर पुढचा अपघात टळणार की नाही हे बरंचसं ठरतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे अणुऊर्जेचा वाद म्हटलं की अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. चेर्नोबिल, फुकुशिमा, जैतापूर. पण अणुभट्टीला चूल म्हटलं, तर तिच्यासाठी सरपण तयार करणारे आणि नंतर राख निवडणारे कारखानेही असतात. युरेनियम शुद्ध करायचं, विरघळवायचं, त्याच्या गोळ्या करायच्या, आणि जळलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं. ही सगळी रासायनिक कामं आहेत. आम्लं, टाक्या, नळ्या, झडपा, गाळण्या. दिसायला एखाद्या औषध कारखान्यासारखं. मुंबईत तुर्भ्याला १९६४ पासून असं काम होत आलंय, पालघर जिल्ह्यात तारापूरलाही जळलेल्या इंधनावर प्रक्रिया होते. तेव्हा विषय जपानचा असला तरी आपल्या ओसरीपासून फार लांबचा नाही.

प्रचलित गोष्ट

तोकाईमुराची गोष्ट सहसा अशी सांगतात : तीन कामगार होते. त्यांना काम लवकर उरकायचं होतं. नियम धाब्यावर बसवून त्यांनी स्टीलच्या बादल्यांनी युरेनियमचं द्रावण टाकीत ओतलं. निळा प्रकाश चमकला. दोघे गेले. तात्पर्य : नियम पाळा.

या गोष्टीत एकही वाक्य खोटं नाहीये. बादल्या होत्या, घाई होती, निळा प्रकाश होता, दोघे गेले हेही खरंच. तरीही ही गोष्ट दिशाभूल करते असं आम्ही म्हणतो. ते का, हे समजायला थोडं विज्ञान लागेल. घाबरू नका, फळा वापरणार नाही.

युरेनियमच्या काही अणूंवर न्यूट्रॉन आदळला की अणू फुटतो आणि त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे अणू फोडतात. ही साखळी आपली आपण चालू राहण्याच्या स्थितीला क्रांतिकता म्हणतात. भट्टीत ती हवी असते, तीही लगाम घालून. कारखान्यात ती अजिबात नको असते. ती टाळायचे दोन मुख्य मार्ग. एक, एका जागी ठरावीक वजनापेक्षा जास्त युरेनियम येऊच द्यायचं नाही. दुसरा मार्ग भांड्याच्या आकाराचा. उंच, अरुंद नळीसारख्या भांड्यातून न्यूट्रॉन पृष्ठभागावाटे बाहेर निसटतात, साखळी तुटते. तेच द्रावण गोल, पसरट पातेल्यात ओतलं, तर न्यूट्रॉन आतच घुटमळतात. म्हणजे तेच द्रावण, तेवढंच द्रावण, एका भांड्यात निर्धोक आणि दुसऱ्यात प्राणघातक. आणि डोळ्यांना दोन्हींत फरक काही दिसत नाही. ना वाफ, ना वास, ना उकळी.

हा मुद्दा जरा धरून ठेवा. ज्या धोक्याची डोळ्याला, नाकाला, हाताला काहीच खूण मिळत नाही, तो ‘अनुभवाने कळेल’ असं म्हणता येत नाही. तो शिकवावाच लागतो.

टाकी तिथे का होती?

कारखाना जेसीओ कंपनीचा. ही सुमितोमो मेटल मायनिंगची उपकंपनी. एरवीचं तिचं काम वीजभट्ट्यांसाठीच्या, ५ टक्क्यांपेक्षा कमी समृद्ध युरेनियमचं. त्या दिवशीचं काम मात्र ‘जोयो’ या प्रायोगिक द्रुत भट्टीसाठी होतं, आणि युरेनियम होतं १८.८ टक्के समृद्ध. असं काम अधूनमधूनच यायचं. मागच्या खेपेला तीनेक वर्षं झाली होती, आणि या खेपेच्या कामगारांना या प्रकारच्या युरेनियमचा सराव नव्हता.

सरकारमान्य पद्धत अशी : ऑक्साइडची भुकटी एका टाकीत नायट्रिक आम्लात विरघळवायची, एका वेळी जास्तीत जास्त २.४ किलो युरेनियम. पुढे उंच, अरुंद स्तंभातून द्रावण न्यायचं. कंपनीने हळूहळू यातले टप्पे गाळले. टाकीऐवजी दहा लिटरच्या स्टीलच्या बादलीत विरघळवायला सुरुवात झाली. आणि इथे लक्ष द्या, हे चोरून नव्हतं. बादलीची पद्धत कंपनीच्या अंतर्गत कामकाज-पुस्तिकेत लिहिलेली होती. सरकारकडे एक पुस्तिका, कामाच्या जागी दुसरी. मग कामगाराने ‘नियम’ मोडला म्हणताना कुठला नियम म्हणायचं? त्याच्या हातात दिलेली पुस्तिका तर बादलीच दाखवत होती.

त्यात गिऱ्हाइकाची अट अशी की द्रावण सुमारे चाळीस लिटरच्या एकजिनसी साठ्यात हवं. चाळीस लिटर म्हणजे सहा-सात घाण्यांचा माल. एकीकडे परवाना सांगतो, एका वेळी एकच घाणा. दुसरीकडे मागणी सांगते, सात घाणे एकत्र, सारखे मिसळून द्या. आधी हे मिसळण्याचं काम बाटल्याबाटल्यांतून थोडं थोडं ओतून व्हायचं, फार किचकट. नंतर अरुंद स्तंभात मिसळायला लागले. तेही परवान्याबाहेरचं, पण आकारामुळे निदान क्रांतिकतेचा धोका नव्हता. पण त्या स्तंभाची तोटी जमिनीपासून जेमतेम वीतभर. तिथून द्रावण काढणं म्हणजे कसरत. शेजारी साका बसवायची टाकी होती : सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाची, ढवळणी बसवलेली, वर हात घालायला तोंड असलेली. मिसळायला अगदी सोयीची.

ही टाकी आकाराने निर्धोक नव्हती. तिची सुरक्षितता फक्त ‘यात २.४ किलोपेक्षा जास्त टाकू नका’ या एका वाक्यावर उभी होती. आणि त्या टाकीला परवाना मिळाला होता. कंपनीने अर्जात क्रांतिकतेचा अपघात संभवत नाही असं धरलं, तपासणाऱ्यांनी ते मानलं, त्यामुळे अशा अपघाताची खास सूचना देणारी यंत्रणाही तिथे नव्हती. त्या प्रकारच्या कारखान्यांच्या नियमित सरकारी तपासणीची सक्तीही तेव्हाच्या कायद्यात नव्हती. ती अपघातानंतर आणली.

कामगारांनी टाकीत ओतायच्या आधी काय केलं ठाऊक आहे? त्यांच्यातल्या प्रमुखाने इंधन हाताळणीची पात्रता असलेल्या वरिष्ठाला विचारलं, या टाकीत मिसळलं तर चालेल का? होकार मिळाला. ज्या माणसांना आपण ‘बेफिकीर’ म्हणतो, त्यांनी विचारलं होतं हो. उत्तर चुकलं.

३० तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास सातवी बादली ओतली जात होती. टाकीत तोवर सुमारे १६.६ किलो युरेनियम झालं होतं, मर्यादेच्या जवळजवळ सातपट. साखळी सुरू झाली. टाकीभोवती थंड पाणी खेळवणारं दुहेरी कवच होतं. तेच पाणी न्यूट्रॉन परत आत ढकलत राहिलं आणि साखळी सुमारे वीस तास थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीचेच कर्मचारी आळीपाळीने, एकेकाला मोजकी मिनिटं देत, आत जाऊन ते पाणी काढून आले. त्यानंतर बोरिक आम्ल सोडलं.

तिघांपैकी एक कामगार ८३ दिवसांनी गेला, दुसरा २११ दिवसांनी. तिसरा वाचला. बोलावलेल्या रुग्णवाहिकेतल्या जवानांना हा किरणोत्सर्गाचा अपघात आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तेही किरणोत्सर्गात सापडले. गावचे प्रमुख तात्सुया मुराकामी यांनी वरून आदेश यायची वाट न बघता दुपारी ३५० मीटरच्या आतल्या १६१ लोकांना हलवलं. दहा किलोमीटरमधल्या सुमारे तीन लाख दहा हजार लोकांना घरात राहा, ही सूचना मिळायला रात्र झाली.

‘मानवी चूक’ या शब्दाची झडती

आता चिकित्सा. पहिला आक्षेप शब्दावर. ‘मानवी चूक’. वरच्या हकिकतीत मानवी चुका किती आहेत मोजा. परवाना देणारा माणूसच होता. ‘अपघात संभवत नाही’ लिहिणारा माणूस, ते वाचून मान डोलावणारा माणूस, दुसरी पुस्तिका लिहिणारा आणि मंजूर करणारा माणूस, चाळीस लिटरची अट घालणारा माणूस, तोटी वीतभर उंचीवर लावणारा माणूस. पण ‘मानवी चूक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो फक्त बादली धरलेला हात. बाकीच्यांच्या चुकांना आपण ‘धोरण’, ‘रचना’, ‘त्रुटी’ अशी भारदस्त नावं देतो. चूक करण्यात सगळे माणूसच. नावं ठेवताना मात्र एकटाच ‘मानव’ उरतो.

कुणी म्हणेल, हे कामगारांची बाजू घेणं झालं. नाही. त्यांनी मर्यादा ओलांडली, हे आम्ही झाकत नाही. आमचा प्रश्न व्यवहाराचा आहे. दोष बादली धरणाऱ्या हातात आहे असं मानलं, तर उपाय काय निघतो? हात बदला, हाताला दरडावा, भिंतीवर फलक लावा. टाकी तिथेच राहते. दोष टाकीत आहे असं मानलं, तर उपाय निघतो टाकी बदलण्याचा. आणि अरुंद टाकीत थकलेल्या, घाईतल्या, न शिकलेल्या माणसाने कितीही ओतलं, तरी साखळी सुरू होणं फार अवघड. थकवा आणि घाई कुठल्या कारखान्यातून कायमची हद्दपार झालीय, सांगा बरं?

हे ज्ञान १९९९ साली नवं होतं का? मुळीच नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात वुड रिव्हर जंक्शन इथल्या कारखान्यात २४ जुलै १९६४ ला एका कामगाराने निर्धोक आकाराच्या अरुंद बाटलीतलं युरेनियमचं द्रावण एका गोल टाकीत ओतलं. टाकीचा व्यास साधारण तोकाईमुराच्या टाकीएवढाच. निळा प्रकाश, आणि दोन दिवसांनी मृत्यू. पस्तीस वर्षं आधी! लॉस अलामोस प्रयोगशाळेने २००० साली जगभरच्या अशा अपघातांचा आढावा प्रसिद्ध केला. प्रक्रिया कारखान्यांतले २२ अपघात त्यात आहेत : सोव्हिएत-रशियातले १३, अमेरिकेतले ७, ब्रिटनचा एक, जपानचा एक. त्यांपैकी २१ द्रावणांचे किंवा गाळाचे. वेगवेगळे देश, वेगवेगळ्या राजवटी, आणि भांड्याची तीच ती कहाणी. एवढ्या जागी जर तीच ‘मानवी चूक’ होत असेल, तर ती माणसाची म्हणायची की भांड्याची?

चौकशी अहवाल : बरं आणि उणं

दुसरा आक्षेप सरकारी चौकशी समितीवर. अध्यक्ष होते हिरोयुकी योशिकावा, नावाजलेले अभियांत्रिकीचे प्राध्यापक. आधी श्रेय देऊ. समितीने डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांत अंतिम अहवाल दिला. कंपनीतला पद्धतींचा ऱ्हास टप्प्याटप्प्याने मांडला, स्पर्धेचा आणि कर्मचारी कपातीचा दबावही लपवला नाही. आपल्याकडच्या चौकशी अहवालांचं नशीब आपल्याला माहीत आहे, त्या मानाने हे मोठंच काम.

पण अध्यक्षांच्या समारोपात एक मांडणी आहे. ती अशी की सुरक्षा वाढवली तर कार्यक्षमता घटते, नियम कडक केले तर कल्पकता मरते, देखरेख वाढवली तर उमेद खचते, जबाबदारी काटेकोर केली तर लपवालपवी सुरू होते. अशा जोड्या मांडून त्या पेचातून वाट काढायला हवी, असं ते सांगतात. मांडणी प्रामाणिक आहे, विचारीही आहे. तरी आमचं म्हणणं की ती एका ठिकाणी घसरते. हे सगळे पेच जणू निसर्गनियम असल्यासारखे मांडलेत. सुरक्षा वाढली की कार्यक्षमता घटते, ठीक. पण कुणाची? स्तंभाची तोटी हातभर वर बसवली असती तर कामगाराची सुरक्षा वाढली असती आणि कामाचा वेगही. तिथे पेच नव्हताच, खर्च होता. चाळीस लिटरच्या अटीचा परवान्याशी मेळ घातला असता तर कल्पकता मेली नसती. पेच म्हटलं की सगळे हतबल आणि सगळे सारखेच जबाबदार होतात. खर्च म्हटलं की ‘कुणी टाळला?’ हा प्रश्न येतो. अहवाल तपशिलात हा प्रश्न विचारतो, आणि समारोपात सोडून देतो.

न्यायालयाचं पाहू. मार्च २००३ मध्ये मितो जिल्हा न्यायालयाने कंपनीला दहा लाख येन दंड केला. सहा जणांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल शिक्षा झाल्या, त्या सगळ्या स्थगित. कंपनीचा परवाना त्याआधीच, २००० साली रद्द झाला होता. आता हे ऐका : त्या सहा जणांत तो वाचलेला तिसरा कामगारही होता. परवाना तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेतलं मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कुणी नव्हतं. कायद्याच्या भाषेत निकाल बरोबर असेल, आम्ही वकील नाही. पण समाजाने त्यातून काय शिकावं असं तो सुचवतो? किरणोत्सर्गाने भाजलेला दोषी, आणि टाकीवर शिक्का मारणारा साक्षीदारही नाही.

आपल्या ओसरीवर

‘ते जपानचं झालं’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही. तमिळनाडूत कल्पाक्कमला जळलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीतला. २१ जानेवारी २००३ ला तिथे एक झडप निकामी झाल्याने तीव्र किरणोत्सारी द्रव सौम्य द्रवाच्या टाकीत उतरला. नमुना घ्यायला गेलेल्या मंडळींना ते कळायला मार्गच नव्हता, कारण त्या जागी किरणोत्सर्गाची सूचना देणारं उपकरण नव्हतं. झडप बिघडल्याचं सांगणारी सोयही नव्हती. सहा कर्मचाऱ्यांना वर्षभराच्या मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा मिळाली. ही बातमी जनतेपर्यंत पोचली ती काही महिन्यांनी, कर्मचारी संघटनेने तक्रारी लावून धरल्यावर. आणि वरिष्ठांच्या खुलाशात शब्द काय आले? कर्मचाऱ्यांचा अतिउत्साह, निर्णयातली चूक. शब्द ओळखीचे वाटतात ना?

त्यात आणखी एक गोष्ट. भाभा केंद्राच्या सुविधांवरची अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख २०००मध्येच काढून केंद्राच्या अंतर्गत समितीकडे दिली गेली होती. म्हणजे घरच्या स्वयंपाकाला घरचेच परीक्षक. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी या व्यवस्थेवर जाहीर टीका केली. पुढे २०१२ साली महालेखापरीक्षकांनीही मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं. ही काही अणुविरोधकांची ओरड नव्हे. एक जण त्याच खुर्चीवर बसलेला, दुसरी घटनात्मक संस्था.

अणुऊर्जा हवी की नको, हा आजचा प्रश्न नाही. सभागृहात दोन्ही मतांची माणसं बसलीत, आणि आम्हीही आपसात एकमताचे नाही. पण अणुऊर्जा हवी म्हणणाऱ्याने तर हा प्रश्न जास्त जोराने विचारायला हवा. कारखाना चालवायचाच असेल, तर त्यात काम करणाऱ्याला आपण काय ओततोय आणि कशात ओततोय हे कळायला नको का?

वाचायचं कसं?

शेवटी एक कामाची गोष्ट. उद्या अशा एखाद्या अपघाताची बातमी वाचलीत आणि त्यात ‘मानवी चूक’ हा शब्द दिसला, तर तिथे थांबू नका. पाच प्रश्न विचारा. त्या जागेवरचं भांडं, झडप किंवा उपकरण चूक सोसणारं होतं का? कामगाराच्या हातातली पुस्तिका आणि सरकारदरबारची पुस्तिका एकच होती का? त्याला धोका शिकवला होता का, की फक्त नियम पाठ करून घेतले होते? तपासणारा आणि चालवणारा वेगळे होते का? आणि बातमी बाहेर आली ती कुणामुळे? या पाचांची उत्तरं बातमीत नसतील तर ती बातमी अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी मागण्याचा हक्क आपला आहे.

तोकाईमुराच्या त्या कामावर तीन माणसं होती. टाकीजवळ पोचायला मात्र त्यांना अनेक वर्षं, दोन पुस्तिका, एक परवाना आणि एक होकार लागला. बादलीची गोष्ट सांगताना एवढं सगळं सांगितलं, तरच ती पुरी झाली म्हणायची.

आता प्रश्न घेऊ.